शिळी मॅच

“आई, तू येऊ नकोस,” असं पोटच्या पोरीने फोनवर स्वच्छ सांगितलं तेव्हा मी गवार मोडत होते. मी म्हटलं, “बरं.” मग थोड्या वेळाने पुन्हा म्हटलं, “बरं बाई.” मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. दिवसभर पोरांच्या थापा आणि प्राध्यापकांची कुरकुर ऐकून कातडी चांगली जाड झाली आहे, सहसा काही लागत नाही. हे मात्र लागलं.

मुलगी खो-खो खेळते. शाळेच्या मैदानावर खेळायला लागली ती राज्याच्या संघापर्यंत पोचली. मग एका सराव सामन्यात गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, आणि पुढचे कित्येक महिने तिने कुबड्या, बर्फाची पिशवी आणि माझी बोलणी यांच्यात काढले. आता ती पुन्हा उभी राहिली होती. निवडही झाली होती, पण राखीव म्हणून. स्पर्धा पार दुसऱ्या राज्यात. निघताना चपला घालत घालत तिने सांगून टाकलं, “गुडघा टिकला तर खेळत राहणार. नाही टिकला तर ही शेवटची. आले की ती नोकरी घेते.” एका कंपनीचं बोलावणं तिच्याकडे येऊन पडलं होतं. चांगली नोकरी होती, बसून करायची. आणि माझी पोरगी बसून राहायच्या जातीची नाही हे मला तिच्या जन्माआधीपासून ठाऊक आहे, पोटात असतानाच लाथा झाडायची.

म्हणजे मी तिथे असायला हवं होतं की नको? पण मी मैदानावर ओरडते, असं तिचं म्हणणं. ओरडते म्हणजे काय, आईने गप्प बसावं का? मागे एका स्पर्धेत तिने गडी बाद केला होता, मैदानाबाहेरच्या शेंगदाणेवाल्यालासुद्धा दिसला होता, आणि पंच आपले मान हलवत उभे. मी दोरीखालून आत गेले आणि त्यांना चष्म्याचा नंबर विचारला. एवढंच. तो गडी बाद होता, हे मी आजही छातीठोक सांगते. पण तेव्हापासून मला मैदानबंदी आहे.

सामने लाइव्ह दिसणार होते, एवढाच दिलासा. आमचा टीव्ही केव्हाच बंद पडला होता, केबलही काढून टाकली होती, जे काय बघायचं ते मोबाईलवर. स्पर्धेआधीचा एक सराव सामना मी त्या मोबाईलवर बघितला आणि डोक्यात तिडीक गेली. कॅमेरा कुठेतरी वर टांगलेला, मैदानात मुंग्या पळतायत. सगळ्यांचे कपडे सारखे, सगळ्यांच्या वेण्या सारख्या. एका मुंगीला मी अर्धा डाव “शाब्बास पोरी” म्हणत होते, ती दुसऱ्याच कोणाची तरी मुलगी निघाली.

“मला माझी पोरगी ओळखू यायला पाहिजे,” मी ह्यांना म्हटलं. “आपण प्रोजेक्टर घेऊ.”

आमचे हे म्हणजे शांत माणूस. पेपर खाली न करता म्हणाले, “थिएटरही घेऊ. तळमजल्यावर गाळा रिकामा आहे.”

पण मी एकदा मनावर घेतलं की घेतलं. नवा चांगला प्रोजेक्टर आमच्या खिशाबाहेरचा, आणि स्वस्तातले नवे कसे असतात ते ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं: खोक्यावर सिंह, भिंतीवर उंदीर. त्यापेक्षा चांगल्यापैकी जुना घ्या, जाडजूड, दिव्याचा. मी रात्रंदिवस मोबाईलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळायला लागले, आणि बाणेरच्या एका पोराकडे एक सापडला. संगणकातला मुलगा, बंगळूरला चालला होता, घरातलं सगळं काढून टाकत होता. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘फक्त फुटबॉलसाठी वापरला.’ म्हणजे प्रोजेक्टर खेळकर घरातला होता.

रविवारी भर दुपारी आम्ही दोघं स्कूटरवरून बाणेरला पोचलो. फ्लॅट सगळा काचेचा, ऊन आत ओतलं जात होतं. पोराने यंत्र लावलं तर भिंतीवर काही म्हणजे काही दिसेना. तो ओशाळला. “आंटी, ॲक्च्युअली डेलाइटमध्ये दिसत नाही. तुम्ही एक काम करा ना, बाथरूममध्ये चला. तिथे एकदम डार्क आहे.”

गेलो. काय करता? यंत्र वॉशिंग मशीनवर, पोरगा कमोडच्या झाकणावर, मी बादलीशेजारी, आणि हे शॉवरखाली हाताची घडी घालून. पोराने दार लावलं, बटण दाबलं, आणि समोरच्या टाइल्सवर असं काही हिरवंगार मैदान उमटलं की माझ्या तोंडून “अगं बाई!” निघून गेलं. खेळाडूंच्या पायाला लागलेलं गवत दिसत होतं! एकाच्या मोज्याला भोक होतं, ते दिसत होतं! मी ह्यांचा दंड धरून हलवला. तेवढ्यात दारावर टकटक झाली. पोराचा कोणी मित्र होता, “अंदर कौन है?” विचारत होता.

“तिघं आहोत,” हे आतून म्हणाले. “वेळ लागेल.”

मग ह्यांनी तिथेच उभं राहून दिव्याची चौकशी केली. दिवा अजून मस्त आहे, पोरगा म्हणाला. मस्त म्हणजे कितपत, हे म्हणाले. पोरगा म्हणाला, म्हणजे एकदम मस्त. ह्यांनी माझ्याकडे बघून भिवया उडवल्या, पण मी तोपर्यंत यंत्राची वायर गुंडाळायला लागले होते. घासाघीस माझ्याच्याने झालीच नाही. एवढी खूश झाले होते मी, की निघताना त्या पोराला बंगळूरमध्ये नीट जेवत जा म्हणून सांगून आले.

घरी, म्हणजे आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये, एकच भिंत मोठी आणि सलग आहे. तिच्यावरचं घड्याळ, देवाचं कॅलेंडर, आमचा लग्नातला फोटो सगळं उतरवलं. “चला, सुटलो,” फोटो पलंगाखाली सरकवताना हे म्हणाले. खिडकीला जाड चादर खिळ्यांनी अडकवली. यंत्र टेबलावर ठेवलं, मोबाईल वायरने जोडला, सुरू केलं, आणि मैदान वर, आकाश खाली! माणसं डोक्यावर धावतायत. त्या पोराने ते छताला उलटं टांगलेलं असणार, त्याची सवय यंत्राला लागली होती. मेनूमध्ये कुठेतरी ते बदलायची सोय होती, पण मेनूही उलटाच दिसत होता. हे खुर्चीवर उलटे वाकून वाचायला लागले, त्यांची मान धरली. शेवटी मीच म्हटलं, “अहो, त्याला सवय आहे ना उलटं राहायची? मग राहू दे की उलटं!”

आणि आम्ही अख्खा प्रोजेक्टर उताणा करून कपाटाच्या टोकावर ठेवला. वरची बटणं आता खाली आली. ती दाबली जाऊ नयेत म्हणून एका बाजूला माझा पोळपाट आणि दुसऱ्या बाजूला ह्यांचा जुना शब्दकोश सरकवला. चित्र झकास सरळ झालं. पुढचा आठवडाभर मी पोळ्या ओट्यावर लाटल्या.

पहिल्या सामन्यात मुलगी राखीव खेळाडूंच्या बाकावर होती. पण कॅमेरा एकदा त्या बाकावरून फिरला, आणि भिंतीवर माझी पोरगी उभ्या माणसाएवढी झाली! काळी नी-कॅप चढवलेला पाय पुढे ताणून बसलेली, हातात पाण्याची बाटली. मी ताडकन उठले. “अहो, हिच्या गालावर पुरळ आलंय! आणि कानातलं काढलं नाही बघा हिने, ओढलं गेलं म्हणजे?” ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. एवढ्या मोठ्या पोरीला एवढं मोठं बघून मला काय झालं, सांगता येत नाही. मी पदराने डोळे पुसत हसत होते.

सामना सुरू झाला. विरुद्ध संघाची एक पोरगी आमच्या पोरींना हुलकावण्या देत होती, काही केल्या सापडेना. मी खुर्चीच्या कडेवर आले. आणि त्याच वेळी भिंतीतून, म्हणजे अगदी चित्राच्या पाठीमागून, आवाज आला:

“शाब्बास!”

मी चमकले. भिंतीवर तर काहीच घडलं नव्हतं, ती पोरगी अजून धावत होती. आणि मग सावकाश, चांगल्या अर्ध्या मिनिटाने, ती सापडली. गडी बाद. मी टाळी वाजवायला हात वर केले, पण मजाच निघून गेली होती. थोड्या वेळाने पुन्हा भिंतीतून, “अरेरेरे! काय करते ही!” आणि अर्ध्या मिनिटाने आमच्या संघातल्या एकीने चुकीचा खो दिला. असं अख्खा सामना चाललं. गडी पडायच्या आधी शाब्बास, फाउल व्हायच्या आधी अरेरे. शेवटी आम्ही जिंकलो हेसुद्धा मला भिंतीने सांगितलं.

“त्यांच्याकडे डिशवर येतं, थेट,” ह्यांनी उलगडा केला. “आपलं इंटरनेटवरून येतं, फिरत फिरत. आपण मागे आहोत.”

त्या भिंतीपलीकडे चाचा राहतात. चाचा आणि चाची, दोघंच. चाचांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली आणि निवृत्तीनंतर ते आमच्या शेजारी राहायला आले. येताना कानांची अर्धी ताकद कारखान्यातच ठेवून आले, त्यामुळे त्यांचा टीव्हीही मोठ्याने आणि तेही मोठ्याने. घराणं पुण्यात कित्येक पिढ्यांचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका नव्या सभासदाने त्यांना कौतुकाने सांगितलं, “तुमचं मराठी छान आहे हो.” चाचा म्हणाले, “तुमचंही बरं आहे.”

माझी मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर मोठी झाली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रोज संध्याकाळी तिला खाली पार्किंगमध्ये हळूहळू चालवायला चाचाच न्यायचे. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय, सोबत पाहिजे, असं म्हणायचे. डॉक्टरांनी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं, चाचींनी मला नंतर सांगितलं. तेव्हा माणूस लाखातला, यात वाद नाही. पण त्या संध्याकाळी मी तणतणत त्यांची बेल वाजवली.

“चाचा, तुम्ही सामना बघताना ओरडू नका ना. आम्हाला सगळं आधीच कळतं.”

“आमच्याकडे होतं तेव्हा मी ओरडतो, ताई. तुमच्याकडे कधी होतं?”

“अर्ध्या मिनिटाने.”

चाचांनी विचार केला. “म्हणजे तुमची मॅच शिळी आहे.”

“शिळी काय म्हणता!”

“मग ताजी म्हणू? शिळं तुम्ही वाढून घेतलंत, त्यात आमची काय चूक?”

मागून चाची म्हणाल्या, “इथेच या ना बघायला, दोघं.” त्यांचा आवाज इतका हळू की चाचांना तो ऐकू जातो कसा, हे सोसायटीला पडलेलं कोडं आहे. पण त्यांचा टीव्ही छोटा, म्हणजे पुन्हा मुंग्या. तुम्हीच आमच्याकडे या म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण ‘शिळी’ ऐकल्यावर ते घशातच राहिलं. मी पाय आपटत परत आले. पोरगी खो देते, आणि चाचा खो घालतात, वर मॅच शिळी म्हणतात, असं मी ह्यांना म्हटलं. हे इतके हसले की ‘शिळी’ हा शब्द घरात रुजला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर हे विचारतात, “काय, शिळी मॅच लावू?”

त्या दिवशी भिंत गप्प होती. मला वाटलं, चला, चाचांनी मनावर घेतलं. मधूनच एखादं दाबलेलं ‘हं’ ऐकू यायचं, तोंडात रुमाल कोंबल्यासारखं. मी निवांत बघत होते. आणि अचानक भिंतीवर दणादण थापा पडल्या, आमच्या मैदानाला हादरे बसले, आणि चाचा गरजले:

“ताई, आली! आली! तिला आत घेतलं!”

आमच्याकडे तर ती अजून बाकावर बसलेली होती. तिला बिचारीला माहीतसुद्धा नव्हतं. मला माहीत होतं! मी उठले, केस सारखे केले, का ते विचारू नका. ह्यांना म्हटलं, नीट बसा. मग प्रशिक्षकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, ती उठली, दोनदा जागच्या जागी उड्या मारल्या आणि मैदानात उतरली. त्या अर्ध्या मिनिटात मला जी तयारी करता आली ना, ती मला ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा करता आली नव्हती.

आणि तिथून सगळं उलटं झालं. खो-खोत आक्रमण करणाऱ्या मुली खांबाला वळसा घालून जमिनीला समांतर सूर मारतात, आणि समोरच्या पळणाऱ्या पोरीला बोटाच्या टोकाने टिपतात. माझ्या पोरीचा हाच हातखंडा आहे. त्याच सुरात तिचा गुडघा गेला होता. ती खांबाकडे वळली की मी डोळे मिटून घ्यायची. मग मी काय करायला लागले, तर भिंतीकडे कान. ‘शाब्बास’ आला की समजायचं, सूर लागला, पोरगी पडली, उठली, सगळं ठीक. मग मी खुशाल डोळे उघडून तो सूर डोळे भरून बघायची. काय सुरेख मारते हो! हवेत असताना तिचा चेहरा मी पहिल्यांदाच बघितला. ओठ घट्ट मिटलेले असतात, लहानपणी औषध पाजताना मिटायची तसे.

“तू मॅच बघतेस की चाचांना ऐकतेस?” हे म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा,” मी म्हटलं. “त्यांचं ऐकू येत नाही.”

उपांत्य सामना असाच झाला. चाचांचे शाब्बास अखंड चालू होते, पोरीने तीन गडी टिपले, आणि आम्ही अंतिम फेरीत! मी भिंतीला, म्हणजे ज्या भागात तिचा चेहरा होता त्या भागाला, चक्क मुका घेतला. भिंतीला ताजा चुना नव्हता एवढं नशीब. मात्र चाचांकडे जाऊन ‘तुमच्या ओरडण्यावर माझा जीव चाललाय’ हे काही मी सांगितलं नाही. शिळी म्हणाले होते ना! जिन्यात भेटले तेव्हा ते म्हणाले, “कालही जरा तोंडातून गेलं, ताई. उद्या नाही जाणार.” मी आपलं ‘हं’ केलं आणि भाजी घेऊन वर आले.

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. “आई, गुडघा थोडा सुजलाय. कोच म्हणतात, उद्या बघू.”

“मग नको ना खेळूस,” हे माझ्या तोंडातून गेलं, आणि पलीकडे ती एकदम गप्प झाली. त्या गप्प बसण्यातच मला कळलं की उद्या हिला खेळायचं आहे, आणि उद्या पाय गेला तर ही परत येऊन मुकाट्याने नोकरीवर जाईल, आणि मैदानाचं नाव काढणार नाही. मी घाईघाईने म्हटलं, “खेळ. पण कानातलं काढ.”

“तुला कानातलं दिसतं?” ती ओरडलीच.

“मला तुझं सगळं दिसतं,” मी म्हटलं. खूप दिवसांनी ती खळखळून हसली.

अंतिम सामन्याच्या दिवशी मी ऑफिसातून लवकर पळाले. साहेबांना घरचं कार्य आहे म्हणून सांगितलं, आणि ते खरंच होतं. खोली त्या यंत्राने भट्टीसारखी तापायची, म्हणून बाहेरचं दार सताड उघडं ठेवलं. ह्यांनी यंत्राच्या झरोक्याजवळची धूळ जुन्या टूथब्रशने साफ केली. सामना सुरू झाला तसा चाचांचा टीव्हीही गरजू लागला आणि मी सुखाने मांडी ठोकून बसले. चाचांना ‘उद्या नाही जाणार’ काही जमलं नव्हतं. धर, सोड, अरेरे, शाब्बास, सगळं भिंतीतून नीट वेळेवर, म्हणजे वेळेच्या आधी येत होतं. मुलीला पहिल्या डावात आत घेतलंच नाही. दुसऱ्या डावातही ती बाकावर. आमच्या पोरी मागे पडल्या, मग हळूहळू वर आल्या, आणि शेवटच्या आक्रमणात, वेळ संपत आलेली असताना, भिंत म्हणाली, “आली!” आणि मी ह्यांचा हात धरला.

ती उतरली. जरा लंगडत होती की मला भास झाला, देव जाणे. एवढ्या मोठ्या चित्राचा हाच तोटा, सगळं दिसतं. तिने आल्या आल्या एक गडी टिपला. बरोबरी! आता जिंकायला फक्त एक गडी हवा होता आणि घड्याळ पळत होतं. समोर त्यांची सगळ्यात चपळ पोरगी. ती माशासारखी निसटत होती. मी ओरडत होते, हे ओरडत होते, आयुष्यात पहिल्यांदा, आणि भिंतीपलीकडून चाचा ओरडत होते, “धर! खांबाला धर तिला! धर!”

आणि मग चाचा थांबले.

शाब्बास नाही. अरेरे नाही. मी कान टवकारले. काही नाही. आणि पाठोपाठ त्यांच्या टीव्हीचा आवाजही बंद झाला. कोणीतरी टीव्ही बंद केला होता.

सामना चालू असताना चाचा टीव्ही बंद करतील? हरलो असतो तर त्यांनी शिव्या घातल्या असत्या, टीव्ही बंद केला नसता. माणूस टीव्ही बंद करतो ते बघवत नाही तेव्हा. गुडघा! माझ्या डोक्यात दुसरं काही येईचना. पोरगी पडली आणि उठली नाही. समोर भिंतीवर ती अजून धावत होती, ओठ मिटून, वेणी उडवत, तिला काही झालेलं नव्हतं, आणि जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

“बंद करा,” मी म्हटलं. “अहो, बंद करा ते!”

ह्यांनी माझा हात सोडला नाही आणि यंत्रालाही हात लावला नाही. “आपण बघायचं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज थरथरत होता, म्हणजे त्यांनाही तेच वाटलं होतं.

ती खांबाकडे वळली. समोरची पोरगी खांबाच्या पलीकडे निसटली. माझ्या पोरीने एका हाताने खांब धरला, त्याच पायावर जोर दिला आणि स्वतःला फेकलं. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती लांब झाली. बोटं पुढे. आणि धाडकन खाली. शिट्टी वाजली. कसली शिट्टी? कोणाची? आमच्या सगळ्या पोरी धावत आल्या आणि तिच्या अंगावर पडल्या, नुसता ढीग झाला, आणि तिचा पत्ताच नाही. मी उठून भिंतीपाशी गेले. माझी सावली पडली, काही दिसेना, हे मागून ओरडले, “अगं बाजूला हो!” मी बाजूला झाले. ढीग हलला. एक हात वर आला. मग वेणी. मग ती उभी राहिली, दोन्ही पायांवर, इकडेतिकडे बघितलं, आणि उडी मारली! त्याच गुडघ्यावर, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा! जिंकलो होतो! गडी बाद होता!

मी किंचाळले, ह्यांनी मला उचललं, त्यांना ते झेपलं नाही आणि आम्ही दोघं पलंगावर पडलो. उठून वळले तर आमच्या उघड्या दारात चाचा आणि चाची उभे. चाचांच्या पायात एकच चप्पल. किती वेळ उभे होते कोण जाणे.

“तुम्हाला माहीत होतं!” मी त्यांच्यावर धावूनच गेले. “मग ओरडला का नाहीत? माझा इथे जीव जायची वेळ आली!”

“पोरगी तुमची आहे, ताई,” चाचा म्हणाले. “तुमच्या आधी मी कसा ओरडू?”

मी दारातून बाजूला झाले. चाचांनी भिंतीकडे बघितलं. तिथे ती घामाने निथळत उभी होती, हसत होती, त्यांच्याहून उंच दिसत होती. त्यांनी घसा खाकरला आणि जरा संकोचून विचारलं, “आता ओरडलं तर चालेल का?”

“ओरडा,” मी म्हटलं. “ओरडा हो चाचा, ओरडा.”

चाचांनी तोंड उघडलं. ओठ हलले, छाती भरून आली, पण आवाज काही फुटेना. त्यांनी दाराची चौकट धरली आणि डोळे मिटून घेतले. मग चाचींनी ओढणी सावरली, त्यांच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या, आणि चार मजले दणाणून जातील असं ओरडल्या, “शाब्बास!”